काळा आलेला आंबा

कुणी नवा मोबाइल घेऊन आला की माझा शेजारी फोटोवाला खिशातून टीव्हीचा रिमोट काढायचा. मोबाइलचा कॅमेरा चालू करायला सांगायचा आणि बटण दाबायचा. नुसत्या डोळ्यांना काहीच नाही, पण पडद्यावर रिमोटच्या टोकाशी पांढरा ठिपका लुकलुकायचा. "बघ. दिसत न्हाय म्हंजे नसतं असं न्हाय."

नारपोलीत त्याचा फोटो स्टुडिओ आणि माझं झेरॉक्सचं दुकान, मध्ये एक भिंत. मागे कापड विणणाऱ्या लूमची खडखड, त्यामुळे आम्ही दोघं ओरडूनच बोलायचो. पासपोर्ट फोटो, लग्नं, हळदी यांवर त्याचं घर चालायचं. जीव मात्र भलतीकडेच. एक जुना डिजिटल कॅमेरा खोलून त्याने आतली एक काच काढून टाकली होती आणि पुढे काळी काच बसवली होती. त्याला तो इन्फ्रारेड म्हणायचा, रिमोटसारखा डोळ्यांना न दिसणारा उजेड टिपणारा. गिऱ्हाईक नसलं की स्टँड खांद्यावर टाकून दापोड्याच्या शेतांकडे. त्या फोटोत उन्हातलं हिरवं पान दुधासारखं पांढरं यायचं, वाळकं काळपट. "पांढरं आलं म्हंजे जीव हाय," एवढंच त्याचं शास्त्र. मी चिडवायचो, अरे, नवरीला असं पांढरं कर, चार ऑर्डरी जास्त येतील. हसायचा बिचारा.

दापोड्याला त्यांचं भाताचं शेत होतं. आजूबाजूला गोदामं उठली, तसं थोरल्या भावानं तेही विकायचं ठरवलं. आई कबूल झाली, पण एका अटीवर. बांधावरचा आंबा तिच्या नवऱ्यानं लावलेला. त्याच्यात जीव आहे तोवर तो कोपरा द्यायचा नाही. थोरला म्हणाला, झाड पोकळ झालंय, दोन वर्षं मोहोर नाही, वर चार पानं उरलीत ती नावाला, मेलंच ते. हा म्हणाला, जिवंत आहे, मी फोटोत दाखवतो. आईनं फोटोचाच निवाडा मानायचं ठरवलं. जमीन घेणारे रविवारी यायचे होते.

गणपती जाऊन आठवडा झाला तरी आभाळ हटेना. ढगांतून त्याला हवा तो उजेड पुरेसा उतरत नाही, म्हणून हा रोज जायचा आणि तसाच परत यायचा. शनिवारी दुपारी मीच वैतागलो. म्हटलं, ऊन काय तुझ्यासाठी थांबलंय? आजच्या आज काढून टाक. त्या दिवशी माझी जीभ का झडली नाही!

तो गेला. कमी उजेडात कॅमेरा बराच वेळ उघडा ठेवायला हवा होता, पण वाऱ्यानं फांद्या हलत होत्या, तेवढ्यात सर आली आणि त्यानं घाईनं आवरतं घेतलं. कॉम्प्युटरवर पाहिलं तर सगळा चिखल, आणि आंबा काळाठिक्कर. मी म्हटलं, थोडा उजळ कर की. रोज नवरी मुलींची तोंडं उजळतोसच ना? झाड जिवंत आहे हे आपल्याला माहीत आहे.

त्यानं माउसवरचा हात काढला.

"नवरीला ठाऊक असतं मी उजळलंय ते," तो म्हणाला. "आई माझ्यावर भरवसा ठेवून हाय."

ढगांमुळे काळं आलंय, हे त्यानं घरी सांगितलं. थोरला म्हणाला, आता ढगांच्या नावानं खापर फोडतोय. आईनं फोटो हातात घेतला, पदरानं पुसला, पुन्हा पाहिला.

"न्हाय ऱ्हायला रं जीव," म्हणाली, आणि कागदावर अंगठा दिला.

सोमवारी आंबा पाडला. मंगळवारी लख्ख ऊन पडलं. यानं जाऊन आडव्या पडलेल्या झाडाचा फोटो काढला आणि सरळ माझ्या दुकानात आला. कॅमेरा माझ्यापुढे धरला. पान न् पान पांढरंशुभ्र. कापलेल्या पानांत दोन-चार दिवस जीव राहतो, म्हणाला. मला रडू आलं, त्याला नाही आलं. आईला दाखवणार का, विचारलं.

"आता दाखवून तिला कशाला मारू?"

त्यानंतर तो इथे दुकानात जेमतेम वर्षभर टिकला. मग एक दिवस शटर उघडलंच नाही. बायको-मुलांना घेऊन तिच्या माहेरी गेला म्हणतात. मला सांगून गेला नाही. फोन लागत नाही, आणि खरं सांगू, लागला तर काय बोलायचं हेही मला ठाऊक नाही.

मागच्या दिवाळीत त्याच्या म्हाताऱ्या आईला भेटायला गेलो. तो काळा फोटो तिनं चौकटीत घालून नवऱ्याच्या फोटोशेजारी लावलाय, दोघांना मिळून एक हार. येईल त्याला कौतुकानं सांगते.

"माझ्या पोरानं टायमावर सांगितलं. न्हायतर मेलेलं झाड कुनाच्या अंगावर पडलं असतं."

मलाही सांगितलं. मी हो म्हणालो आणि चहा संपवला.