रॅमला लावलेली कानस

तोंडात गुटखा ठेवून बोलणाऱ्या माणसाची मला पहिल्यापासून शिसारी आहे. त्यातून तो माझ्या कॉम्प्युटरच्या उघड्या डब्यावर वाकून बोलत असेल, तर विचारूच नका.

वसमतला मोंढ्याच्या, म्हणजे धान्य-हळदीच्या बाजाराच्या, मागच्या गल्लीत आमचं घर. पुढच्या खोलीत मी लग्नपत्रिका करून देते. मामा-काकांची नावं मानापानाप्रमाणे लावायची, कोण कुणाच्या वर येतं यावरून रुसवे झेलायचे, तेही माझंच काम. कॉम्प्युटर जुना झाला होता. नवरानवरीचा फोटो टाकला की असा अडकायचा, की गिऱ्हाईक चहा पिऊन कंटाळून निघून जायचं. लग्नसराई तोंडावर आलेली. ही सराई हातची गेली तर ती खोली ह्यांच्या मित्राला खताची पोती ठेवायला द्यायची, असं घरात ठरलेलंच होतं. मित्र येऊन खोलीची लांबी-रुंदी बघूनही गेला होता. माझ्या खुर्चीत बसून!

म्हणून मी नीट शोधाशोध केली. जुन्या मदरबोर्डवर आणखी मेमरी चढत नव्हती. तेव्हा नवा बोर्ड, त्याला चालणारा प्रोसेसर आणि नवी रॅम, म्हणजे मेमरीची पट्टी. बोर्ड डीडीआर फोर जातीच्या मेमरीचा, म्हणजे रॅमही फोरचीच हवी. जुनी थ्रीची पट्टी दिसायला तेवढीच लांब, पण तिच्या खालच्या कडेची खाच वेगळ्या जागी असते. चुकीची पट्टी कुणी घालूच नये म्हणून बनवणाऱ्यांनीच तशी ठेवलेली. यात न कळण्यासारखं काय आहे?

गावातल्या कॉम्प्युटरच्या दुकानात दुकानदार सगळा वेळ ह्यांच्याशीच बोलत होता. प्रश्न मी विचारायचा आणि उत्तर ह्यांना मिळायचं. घरी येऊन खोकी उघडली, तर बोर्ड बरोबर आणि रॅम थ्रीची.

"आवं, ही न्हाई बसत यात," मी म्हणाले. "वापस करा."

ह्यांनी फोन लावला, तर दुकानदार स्वतःच गाडीवर बसून आला. त्यानं जुना डबा उघडला. आत मोंढ्यातल्या हळदीची धूळ थरावर थर साचलेली, आणि तिच्यात एक मेलेलं झुरळ. ही घाण माझ्या घरातली, मान्य. पण त्यानं ती फुंकून उडवली, आणि फुंकरीबरोबर तोंडातले लाल शिंतोडे टेबलावरच्या नव्याकोऱ्या बोर्डावर पडले. ते त्यानं बाहीनं पुसले.

बोर्ड आत बसवून झाल्यावर त्यानं रॅम दोन्ही अंगठ्यांनी दाबली. जाईना.

"दादा, खाच बघा की. ती थ्रीची हाय," मी म्हणाले.

"काहून टेन्शन घेऊन राहिल्या वयनी? रॅम म्हंजी रॅम. जरा घासली की बराबर बसती." मग ह्यांच्याकडे वळून, "भाऊ, कानस हाय का घरात?"

"आणू नका," मी ह्यांना बजावलं. "जळंल सगळं."

"तू गप. त्यायचं रोजचं काम हाय ते."

आणि हे खरोखर उठून कानस घेऊन आले. विळे-खुरपी घासायची, गंजलेली. त्या माणसानं रॅमची खाच तिच्यानं घासून घासून रुंद केली. सोनेरी पट्ट्यांचा भुगा माझ्या टेबलावर पडला. मग अंगठ्याच्या जोरानं पट्टी आत कोंबली आणि विजयी चेहऱ्यानं बटण दाबलं. स्क्रीनवर काहीच आलं नाही. आतून धुराची बारीक रेघ निघाली आणि जळक्या प्लास्टिकचा वास खोलीभर झाला.

"तुमच्या घरची लाइटच खराब हाय," दुकानदार म्हणाला.

ह्यांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "न्हाई, हिनंच आधी हात लावला असंल."

झुरळाची आली नव्हती, थुंकीची आली नव्हती, एवढी किळस मला त्या वाक्याची आली. दुकानदार तेवढ्यावरच सुटला. गाडीला किक मारून गेलासुद्धा. हे त्याला फाटकापर्यंत सोडून आले.

दुसऱ्या दिवशी मी एकटी एस.टी.नं नांदेडला गेले. बोर्ड, प्रोसेसर, रॅम, सगळं पुन्हा आणलं. दुकानातच खाच बोर्डाला लावून बघितली. घरी आल्यावर डबा झाडून पुसून घेतला, आत एकेक गोष्ट स्वतः बसवली. रॅम शेवटी. दोन्ही बाजूंनी हलकंच दाबलं, खट् आवाज झाला आणि कडेच्या पकडी आपोआप मिटल्या. बटण दाबलं, स्क्रीन उजळली. डोळ्यांत पाणी आलं माझ्या.

हे मागे उभे होते, मला ठाऊकच नव्हतं.

"बघ," म्हणाले, "म्हणलो न्हवतो का, बसती म्हणून?"

कानस अजून टेबलावरच पडली होती. मी ती उचलून त्यांच्या हातात दिली आणि पत्रिकेचं काम उघडलं.