वॉरंटीचं सील

जिल्हा रुग्णालयात त्यांना सगळे बॉयलरकाका म्हणत. ऑपरेशनची अवजारं आणि कपडे वाफेवर निर्जंतुक करणारं यंत्र तेवीस वर्षं त्यांच्या हातात होतं, आणि काका स्वतःही चटकन तापायचे. बायको म्हणायची, "यंत्राला निदान वाफ सोडायला व्हॉल्व तरी आहे."

ते यंत्र म्हणजे एक आडवं लोखंडी पिंप, जाड दार आणि वर दाबाचा काटा. काकांनी त्याचं रबर बदललं, कॉइल बदलली, दाराचा स्क्रू दोनदा नव्यानं कातून आणला. दिसायला कळकट, पण त्यानं दगा कधी दिला नाही. थिएटरच्या मोठ्या सिस्टर डोळे झाकून त्यातली अवजारांची पेटी उघडायच्या.

मग 'प्रकल्प' आला. परदेशातल्या एका विकास बँकेनं गरीब देशांतल्या रुग्णालयांसाठी पैसा काढला होता. निम्मी मदत, निम्मं कर्ज. कर्ज सरकार फेडणार, म्हणजे पुढची तीस वर्षं तुम्ही, मी आणि आपली नातवंडं. यंत्रं मात्र घ्यायची ती पैसे देणाऱ्यांच्याच देशातली, अशी अट.

सल्लागार आले, बैठक झाली. काकांना भिंतीकडेच्या शेवटच्या खुर्चीवर बसवलं होतं. "कुणाला काही सांगायचंय?" असं दुभाष्यानं विचारलं, तेव्हा अधीक्षक घड्याळ बघत होते. काका उठले.

"साहेब, आमचं पाणी जड आहे. भांडं ठेवलं तर महिन्याभरात तळाला पांढरा थर बसतो. तुमच्या यंत्रातल्या नळ्या पेन्सिलीएवढ्या. आधी पाणी गाळायची सोय करा, नाहीतर चार महिन्यांत हे बसेल. आणि इथे दिवसातून तीनदा लाइट जाते."

सल्लागारानं मान डोलावली, वहीत काहीतरी लिहिलं. काका खूश होऊन घरी गेले. पुढे प्रकल्पाचा कागद मोठ्या सिस्टरांच्या हाती लागला, तेव्हा कळलं काय लिहिलं होतं ते: 'स्थानिक कर्मचाऱ्यांशी सल्लामसलत झाली.' पाण्याचा थेंबही त्यात नव्हता.

नवं आल्यावर जुनं ठेवायचं नाही, हीही अट होती. जुनं पिंप भंगारवाल्याच्या ट्रकवर चढलं त्या दिवशी काकांनी रजा टाकली.

नवं यंत्र आरशासारखं चकचकीत. त्याच्या मागच्या झाकणावर लाल सील होतं: उघडल्यास वॉरंटी रद्द. काका म्हणाले होते चार महिने. साडेतीन महिन्यांतच ते बसलं. पडद्यावर लाल अक्षरात एक आकडा आला आणि दार आतल्या अवजारांसकट बंद झालं.

"क्षारानं नळी तुंबलीय," काका म्हणाले. "अर्ध्या तासाचं काम. झाकण काढू द्या."

"हात लावायचा नाही!" अधीक्षक ओरडले. "कंपनीचा माणूस येईल."

"कधी?"

"अकरा आठवडे लागतील म्हणतात."

"अकरा आठवडे बायकांनी पोटातली पोरं धरून ठेवायची का?"

अधीक्षकांनी दाराकडे बोट दाखवलं.

थिएटर बंद झालं. अडलेल्या बायकांना दोन तासांच्या रस्त्यावरच्या मोठ्या रुग्णालयात पाठवायला लागले. तिसऱ्या आठवड्यात कपड्यांना इस्त्री करून देणारी एक बाई आली. मूल आडवं होतं. मोठ्या सिस्टर स्वतः तिच्याबरोबर ॲम्ब्युलन्समध्ये बसल्या. दुपारी परतल्या त्या काकांच्या दुरुस्तीखोलीत येऊन स्टुलावर बसल्या.

"बाई वाचली," त्या म्हणाल्या. "मूल रस्त्यातच गेलं. पुलाच्या अलीकडे." आणि मग, "मुलगी होती, काका."

काकांनी हातातला पाना भिंतीवर असा फेकला की गिलावा निखळला. मग तो उचलून पिशवीत टाकला आणि तडक भंगारवाल्याकडे गेले.

पिंप होतं, पण दार कापायला काढलेलं. "हे उद्या भट्टीत जाणार होतं," भंगारवाला म्हणाला.

"माझ्या अंगावरून न्या मग भट्टीत."

भंगारवाल्यानं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि किमतीची गोष्ट काढली नाही. "हातगाडी लागेल ना?" एवढंच विचारलं.

रुग्णालयाच्या मागे गवंडीकामाची एक रिकामी शेड होती. तिथे काका नऊ दिवस राबले. दार जोडलं, रबर कापून बसवलं. पिंपात थंड पाणी भरून रोजच्या दाबाच्या दीडपट दाब चढवला आणि कुठे गळून काटा खाली येतो का, ते बघत दोन तास शेजारी बसून राहिले. काटा हलला नाही. मग वाफ धरली. अवजारांच्या पुडक्यावर चिकटवलेली तपासणीची पट्टी, पुरेशी वाफ लागल्याची खूण म्हणून, काळी पडून बाहेर आली, तेव्हा मोठ्या सिस्टरांनी ती तीनदा उजेडात धरून पाहिली. आणखी चार फेऱ्या घेतल्या. मग म्हणाल्या, "मी उद्यापासून थिएटर उघडते. अधीक्षकांना मी सांगेन."

अधीक्षकांनी ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं. तक्रारी थांबल्या होत्या, त्यांना तेवढं पुरे होतं.

कंपनीचा माणूस अकरा आठवड्यांनी आला, नळी साफ करून गेला. पाणी तेच, त्यामुळे यंत्र दोन महिन्यांत पुन्हा बसलं. वर्ष सरता सरता बँकेचं पथक पाहणीला आलं. थिएटरबाहेर फीत होती, फोटोवाला होता. काकांना नवा गणवेश देऊन बंद यंत्राशेजारी उभं केलं होतं. "फक्त हसायचं," अधीक्षकांनी दटावलं.

पथकातल्या बाईंनी कागद वाचला आणि दुभाष्यानं मराठीत सांगितलं: "प्रकल्पाच्या यंत्रामुळे या वर्षात चारशे बारा ऑपरेशनं झाली. अभिनंदन!"

टाळ्या वाजल्या. काका हसले नाहीत.

"कुठल्या यंत्रामुळे?"

"काका, गप्प बसा," अधीक्षक दात आवळून म्हणाले.

"तेवीस वर्षं गप्पच होतो. बाई, या यंत्राचं दार उघडून दाखवा बरं! नाही उघडत. गेले सहा आठवडे बंद आहे. तुम्ही ज्याचं अभिनंदन करताय, ते तुम्ही भंगारात घातलेलं पिंप मागच्या शेडमध्ये चालू आहे. या माझ्याबरोबर."

आणि ते चालू लागले. बाई क्षणभर घुटमळल्या, मग मागे निघाल्या. शेडमध्ये पिंप फुसफुसत होतं. काकांनी पाणी सांगितलं, नळ्या सांगितल्या, सील सांगितलं आणि पुलाअलीकडे गेलेली मुलगीही सांगितली. दुभाष्या मध्येच थांबला, तर त्याला म्हणाले, "सांग. एक शब्द गाळू नकोस."

बाईंचा चेहरा उतरला. "मला खरंच वाईट वाटतं," त्या म्हणाल्या. "पण आमच्या फॉर्ममध्ये हे लिहायला रकाना नाही."

"रकाना नाही? त्या पोरीला मरायला रस्ता मिळाला आणि तुमच्या कागदावर तिला बोटभर जागा नाही?"

बाईंनी काहीतरी लिहून घेतलं. अहवाल तीन महिन्यांनी आला. मोठ्या सिस्टरांनी तो काकांना मोठ्यानं वाचून दाखवला: 'स्थानिक कर्मचाऱ्यांनी उत्तम आपलेपणा व कल्पकता दाखवली. प्रकल्प समाधानकारक. दुसरा टप्पा मंजूर: आणखी नऊ रुग्णालये.' यंत्रं तीच. त्याच लखोट्यात आरोग्य खात्याची काकांच्या नावे कारणे दाखवा नोटीस होती: पाहुण्यांशी उद्धट वर्तन.

नोटिशीला काकांनी एका ओळीचं उत्तर दिलं: 'वर्तन उद्धट होते, हे मान्य.' त्यांची एक वेतनवाढ थांबली. बायकोनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाकीच्या नऊ ठिकाणी तुमच्यासारखे कुणी असतील ना? त्यांना कोण सांगणार?"

दोघांनी बसून पत्र लिहिलं. शिव्या बायकोनं खोडल्या. 'जुनं यंत्र ट्रकवर चढू देऊ नका. पाणी तपासून घ्या आणि गाळणी बसल्याशिवाय यंत्र मिळाल्याची सही करू नका,' एवढंच उरलं. नऊ पत्रं नऊ मिस्त्रींना गेली.

पाच जणांनी सही अडवली. बँकेकडून चौकशी आली, तिथले अधीक्षक हादरले, आरडाओरड झाली आणि शेवटी त्या पाच ठिकाणी पाण्याच्या गाळण्या बसल्या. दोघांनी जुनी यंत्रं मागच्या खोलीत लपवली. एकाचं उत्तरच आलं नाही.

नवव्याचं पत्र उशिरा आलं. 'काका, तुमचं पत्र पोचण्याआधीच जुनं यंत्र भंगारात गेलं. नवं काल बंद पडलं. थिएटरला कुलूप आहे.'

काकांनी ते उभ्या उभ्याच वाचलं. त्यांच्या कपाळाची शीर तटतटली. रजेचा अर्ज त्यांनी अधीक्षकांच्या टेबलावर आपटला.

"आता कुठे?" अधीक्षकांनी विचारलं.

"सासरी," काका म्हणाले, आणि पिशवीत पाने-पकडी भरून बसस्टँडकडे निघाले.