हत्तीचा डावा डोळा

दर रविवारी सकाळी मी परकोटाजवळच्या जुन्या बागेत जातो. काऊन जाता बाप्पा, असं कोणी विचारलं तर माझ्याकडे आता धड उत्तर नाही. गुडघे कुरकुरतात, बायको कुरकुरते, आणि पहिला तास खर्र्याच्या पन्न्या वेचण्यात जातो. मागच्या रविवारी वेचल्या तेवढ्याच या रविवारी. लोक सुपारी-तंबाखूचा खर्रा चघळतात, प्लास्टिकची पन्नी तिथंच टाकतात आणि थुंकायला त्यांना नेमका गोंडराजाच्या काळचा दगड सापडतो. पहिली काही वर्षं मी भांडायचो. आता वाकतो आणि उचलतो.

बाग साफ करणारे आम्ही पाच-सहा जण उरलोय, सगळे निवृत्त. मी कोळसा खाणीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होतो. माझ्या जोडीला एक बाई आहेत, दवाखान्यात नर्स होत्या. बागेच्या मधोमध एक उभा दगड आहे, त्याच्या दोन्ही बाजूंना हत्ती आणि हत्तीवर चढलेला सिंह कोरलेला. डावी बाजू माझी, उजवी बाईंची, हे पहिल्याच रविवारी ठरलं. हा हत्ती काळा पडू द्यायचा नाही, एवढ्यासाठीच मी यायचो.

आमच्या चंद्रपुरात कोळशाची धूळ सगळ्यावर बसते. वाळत घातलेल्या कपड्यांवर, तुळशीवर, झाकलेल्या माठावरसुद्धा. त्यामुळे दिसेल ते घासायचं, हीच आम्हा लोकांची सवय. मी वर्कशॉपमधला तारेचा ब्रश आणला, ज्यानं यंत्रावरचा गंज काढायचो तो. बादलीत कपड्यांची पावडर टाकायची आणि जोर लावायचा. काळा फेस वाहायला लागला की मला बरं वाटे. बाईंचं मनगट दुखायचं, म्हणून त्या जुन्या लुगड्याच्या फडक्यानं नुसतं पुसायच्या.

"बाई, तुमचा हत्ती आंघोळ न करताच शाळेत चालला," मी चिडवायचो.

"राहू द्या भाऊ, तुमच्या हत्तीची साल निघून राह्यली," त्या म्हणायच्या. दोघंही हसायचो.

मागच्या हिवाळ्यात नागपूरहून एक मुलगी आली, जुन्या दगडांचा अभ्यास करणारी. तिनं दोन्ही बाजूंचे फोटो काढले, माझ्या बाजूवर बराच वेळ बोट फिरवलं आणि विचारलं, "ही बाजू कोण साफ करतं?"

"मी!" मी छाती काढून म्हणालो.

ती हळूच म्हणाली, "काका, हा रेतीचा दगड आहे. तारेनं घासलं की त्याचा कण न् कण सुटतो. तिकडच्या हत्तीला डोळा आहे, पापणीसुद्धा आहे. इकडे बघा."

मी बघितलं. इकडे सपाट होतं. दहा-अकरा वर्षं दर रविवारी मी त्या हत्तीच्या तोंडापाशी तोंड नेऊन बसलो होतो, आणि त्याचा डोळा कधी गेला ते मला दिसलं नाही! घरी जाऊन पहिल्या रविवारचा जुना फोटो कपाटातून शोधून काढला. माझ्या खांद्यामागे हत्तीचा डोळा स्पष्ट होता, त्याच्याभोवती दोन बारीक सुरकुत्या होत्या. मला स्वतःची इतकी चीड आली की जेवण गेलं नाही. थुंकणाऱ्यांच्या नावानं वर्षानुवर्षं बोटं मोडली, पण त्यांची थुंकी पाण्यानं निघते. मी काढलं ते आता कशानंच परत येणार नव्हतं.

तीन रविवार गेलो नाही. चौथ्या आठवड्यात बाई घरीच आल्या.

"येऊन काऊन नाई राह्यले भाऊ?"

"काय तोंड घेऊन येऊ? डोळा फोडला मी त्याचा."

"मंग घरी बसल्यानं येते का तो? अन् माहं काय शहाणपण होतं? मनगट दुखे म्हणून माह्या बाजूचा वाचला. हात धड असता तं मी बी तसंच घासलं असतं." त्या उठल्या. "पन्न्या मी एकटीनं वेचू का?"

म्हणून परत जातो. ब्रश नेत नाही, आणि सुटत आलेले कण निघतील म्हणून फडक्यानंही पुसत नाही. पन्न्या वेचून झाल्या की हत्तीसमोर बसतो. हात शिवशिवतात, पण मांडीवर ठेवतो. हत्ती काळा पडत चाललाय. परवा फिरायला येणारे एक जण थांबले.

"भल्ला काळा झाला हत्ती. घासत नाई का आता? थकले वाट्टे."

"हाव, थकलो," मी म्हणालो.

ते गेल्यावर मी डोळे मिटून बोट पुढे केलं. ते बरोबर तिथंच टेकलं, जिथं डोळा होता. ती जागा माझ्या हाताला पाठ आहे. बोटाला काजळी लागली, ती मी पँटला पुसली आणि दगडावरची तशीच राहू दिली.