पुढचं चाक आणि माझा साडू

साडूला कामाला मीच लावला. हे आधी सांगून टाकतो, कारण पुढचं माझं सगळं जळणं त्यातूनच आलं. रत्नागिरीत सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर, विमान चालवायला शिकवणारी एक छोटी शाळा आहे. तीन लहान विमानं, ती ठेवायला एक हँगर. तिथे मी मेकॅनिक. बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा मुंबईत याच कामावर होता, गावाकडे यायचं म्हणाला, मी शाळेच्या मालकांकडे, आमच्या साहेबांकडे, शब्द टाकला. सहा महिन्यांत पायलट लोक मला ओलांडून त्याला हाका मारायला लागले. घरी बायकोचं वेगळंच. "आपला मिक्सर भावजींनी चहा पिता पिता दुरुस्त केलानी!" अगं, मग मी काय इतकी वर्षं झक मारली?

त्यात हँगरचे प्रमुख निवृत्त होणार होते. त्यांची जागा आम्हा दोघांपैकी एकाला मिळायची होती आणि मला ती हवी होती. खोटं कशाला बोलू, त्याला मिळू नये हे त्याहून जास्त हवं होतं.

शनिवारी सकाळी एक विमान बिघडलं. जमिनीवर चालवताना डावीकडे ओढायचं. पुढचं चाक पायातल्या पेडलांनी वळतं. ते जड झालं होतं आणि एकदा डावीकडे वळलं की सरळ येतच नव्हतं. साहेब फोनवर म्हणाले, "सोमवारी मी येतोय. कोण शोधतंय बघू."

मी लगेच हात घातला. डावा ब्रेक धरून राहिला तर विमान तिकडेच ओढतं, म्हणून आधी तो बघितला. मोकळा होता. टायरची हवा मोजली, बरोबर. मग पेडलपासून चाकाकडे जाणाऱ्या दांड्या धरल्या. अर्धा फेरा आवळ, बाहेर काढून चालव, पुन्हा आत आण, अर्धा फेरा सैल कर. दुपारपर्यंत हेच. साडू स्टुलावर बसून बघत होता. त्याच्या त्या शांत बसण्याचाच मला संताप आला. "मदत करू का?" म्हणाला, तर मी खेकसलो, "बस रे तू, मुंबईवाला! आमच्या विमानांच्या खोडी तुला काय माहीत?"

तीन वाजता हात टेकले नि डबा उघडला. तेव्हा तो उठला. शेपटीकडे वजन ठेवून त्याने विमानाचं नाक उचललं, दांड्या चाकापासून सोडवल्या आणि नुसत्या हाताने चाक वळवून पाहिलं. तरीही जडच. म्हणजे पेडलात काही नव्हतं, दांड्यांत काही नव्हतं. जे होतं ते चाकाचा खांब ज्यात वळतो त्या कड्यात. इतकं साधं! हे मला का सुचू नये?

त्याने कडं उघडलं. आत लाल, चिकट लगदा, पाट्यावर वाटलेल्या मसाल्यासारखा. मी बघताक्षणी ओळखला. माझे वडील जयगडला मच्छीमार बोटीवर होते. खाऱ्या हवेत लोखंड टिकवायचं तर ग्रीस थापायचं, हे मी त्यांच्याकडून उचललेलं. आठवड्याला एकदा पुढच्या चाकाच्या या कड्याला पुस्तकात लिहिलेल्याच्या तिप्पट ग्रीस मी थापायचो आणि वर चारचौघांत मिरवायचो. जुनं पुसून मग नवं लावायचं असतं. मी पुसत नव्हतो. सड्यावरची धूळ त्याला चिकटून आत बसली होती.

साडूने लगद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. झालं, मेलो, वाटलं. तो एवढंच म्हणाला, "साडूभाऊ, जरा रॉकेल आणा." आम्ही दोघांनी सगळं धुतलं, बेताचं ग्रीस लावून कडं बसवलं. विमान सुतासारखं सरळ चाललं.

सोमवारी साहेबांनी स्वतः ते चालवून पाहिलं. खाली उतरून विचारलं, "कोणी शोधलं?" मी बोलणार होतो. खरंच बोलणार होतो. पण साडू आधी म्हणाला, "साडूभाऊंनी. दिवसभर खपले. कड्यात धूळ गेली होती." मी फडक्याने हात पुसत राहिलो. जागा मला मिळाली.

संध्याकाळी बाहेर पडताना मी त्याला गाठलं. "खोटं कशाला बोललास?"

"मला इथे आणलंत कोणी?" तो म्हणाला आणि स्कूटरला किक मारली.

घरी बायकोने पेढे वाटले. "भावजींना वाईट वाटलं असेल, नाही?" म्हणाली, तर मी तिच्यावर उगाचच ओरडलो.

आता मी प्रमुख आहे. लोक सही माझी घेतात आणि शंका त्याला विचारतात. तो अजून तसंच 'साडूभाऊ' म्हणतो. त्यात खोच आहे का, हे मी कितीदा कान देऊन ऐकलंय; नाही. एकदा तरी त्याने चारचौघांत माझं उणंदुणं काढावं, म्हणजे मला त्याच्यावर मनापासून चिडता येईल. काढत नाही लेकाचा.