कुणाची हरकत आहे का?

नातीच्या लग्नाची नोटीस विवाह नोंदणी कार्यालयात लागली म्हणून ती मला दाखवायला घेऊन गेली. काचेमागे तिचा आणि त्या पोराचा फोटो.

"हे टांगलंय कशाला?"

"कुणाची हरकत असेल तर कळावी म्हणून. चर्चमध्ये लग्नाआधी नावांची पुकार करतात ना आजोबा, तसंच. तुमची आहे का?"

"पोरगा फार बारीक आहे. वाऱ्यानं उडेल. बाकी काही नाही."

ती हसली. मला आमची पुकार आठवली. पाळकसाहेबांनी भर उपासनेत आमची नावं वाचून हरकत विचारली, तेव्हा माझी मार्था बायकांच्या बाजूला पदरात तोंड लपवून बसली होती. कुणी खोकलंसुद्धा नाही.

कायद्याच्या लग्नात नाही पटलं तर सुटायची वाट असते. पवित्र शास्त्राप्रमाणे देवानं बांधलेली गाठ माणसानं सोडायची नसते. मला वाटायचं, दोन्हींत फार अंतर आहे. पण मरणापुढं कायदा आणि शास्त्र एकच बोलतात. मार्थाला माती दिली तेव्हा पाळक म्हणाले, "वचन मरणापर्यंतचं होतं, तुम्ही ते पाळलंत." नात म्हणते, कायद्यातही एक जण गेला की लग्न संपलं.

जोडताना सगळ्या गावाला विचारतात. संपवताना मला कुणी विचारलं नाही.

त्या काचेपुढं मी मोठ्यानं बोललो, "माझी हरकत आहे."

नात दचकली. "माझ्या लग्नाला, आजोबा?"

"तुझ्या नाही गं. माझं संपलं म्हणतात, त्याला."