बर्फाला कात्री

अमेरिकेनं कॅनडाच्या लाकडावर आयात ड्यूटी बसवली, तेव्हा आम्ही ब्रिटिश कोलंबियातल्या एका अशा गावात राहत होतो, जिथे लाकडाशिवाय काही नव्हतं. लाकूड कापायची एक सॉमिल, बर्फावरच्या हॉकीची एक रिंक आणि बाकी सगळी झाडं. नवरा मिलमध्ये इलेक्ट्रिकल इंजिनियर होता, मी नगरपालिकेची इंजिनियर, रस्ते आणि पाणी बघायची. व्हँकुव्हरचे मराठी मित्र विचारायचे, तिथे दिवसभर करता काय? आम्ही सांगायचो, दारातला बर्फ शोव्हल करतो.

ड्यूटी लागली तशा मिलच्या ऑर्डरी आटल्या आणि दुसरी शिफ्ट बंद करण्याची भाषा सुरू झाली. नवरा नेमका त्याच शिफ्टवर. मिलनं नगरपालिकेला कळवलं, आमचा प्रॉपर्टी टॅक्स कमी केलात तर शिफ्ट ठेवू. आता गावाचा बहुतेक टॅक्स मिलच भरायची. तो कमी केला तर नगरपालिकेनं खायचं काय, हा प्रश्न होता.

आमचे महापौर एरवी टायरच्या दुकानाचे मालक. विंटर टायर बदलायचा सीझन सोडला, तर ते मन लावून राज्यकारभार करत. त्यांनी आधी अमेरिकन सरकारचा कडक शब्दांत निषेध करणारा ठराव आणला. तो एकमतानं पास झाला. अमेरिका हादरल्याचं काही कानावर आलं नाही. मग त्यांनी खर्चाला कात्री लावायचं ठरवलं आणि ती कुठे लावायची, हे भर सभेत मला विचारलं.

मी नागपूरची. बर्फ म्हणजे रसवंतीत गोणपाटात गुंडाळून ठेवलेली लादी, एवढंच माझं मूळ ज्ञान. बाहेर उणे पंचवीस असताना आत वीज जाळून बर्फ करायचा, हे मला पहिल्या हिवाळ्यापासून पटलेलं नव्हतं. मी म्हटलं, ‘एक हिवाळा रिंकचे कॉम्प्रेसर बंद ठेवू या. बाहेर बर्फ फुकट आहे.’

दहाव्याला श्रीखंड मागणाऱ्याकडे बघावं, तसं सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. महापौर सावकाश म्हणाले, ‘तिथे आपली मुलं खेळतात.’

‘आणि त्यांचे आईबाप मिलमध्ये असतात,’ मी म्हटलं. हे उत्तर बिनतोड होतं, असं माझं आजही मत आहे.

पुढच्या सभेला बसायला जागा नव्हती. हॉकीची जर्सी घालून आजोबा आले होते. एक बाई बोलता बोलता रडल्या. ड्यूटीसाठी गावात कुणी रडल्याचं मी पाहिलं नव्हतं. नवऱ्याच्याच शिफ्टवरचे एक पंजाबी गृहस्थ, ज्यांची नोकरी त्याच्याइतकीच टांगणीला लागली होती, तेही मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘बहनजी, बच्चे कहाँ जाएँगे?’ रिंक अर्थातच वाचली.

मिलचा टॅक्सही कमी झाला, कारण ती गेली असती तर रिंकवर खेळायला उरलं असतं कोण? पण कात्री एकदा हातात घेतल्यावर ती कुठेतरी चालवावी लागते. इंजिनियरचं पद रद्द करावं, रस्ते आणि पाण्याची कामं लागतील तशी बाहेरच्या कन्सल्टंटकडून करून घ्यावीत, असा ठराव पुढच्या सभेत आला. महापौर बिचारे मला म्हणाले, यात वैयक्तिक काही नाही. खरंच नव्हतं, आणि तेच मला जास्त लागलं.

त्या सभेला प्रेक्षकांत एकटा माझा नवरा होता. घरून निघताना मीच त्याला बजावलं होतं, ‘हे बघ, तू काही बोलायचं नाहीस. टॅक्स कट मिलला मिळालाय, तुझा जॉब त्यावर टिकलाय. कॉन्फ्लिक्ट ऑफ इंटरेस्ट वाटेल.’ तो गाडी गरम करत होता. ‘ओके,’ म्हणाला.

महापौरांनी नियमाप्रमाणे रिकाम्या खुर्च्यांकडे बघून विचारलं, कुणाला ठरावावर बोलायचंय का? मी मान वळवून मागे पाहिलं. नवरा आपल्या बुटांकडे बघत होता. ठराव पास झाला.

मी सांगितलं तसंच तो वागला. त्याची शिफ्ट राहिली, घर राहिलं, सगळं अगदी माझ्या हिशेबाप्रमाणे झालं. तरी तो उठला का नाही, याचा राग मला घरी परतताना गाडीत आला, आणि तो अजून गेलेला नाही.