सुपडूची हाक

महिना होऊन गेला, पण सकाळचा चहा अजून घशाखाली उतरत नाही. त्या दिवशीही असाच ओट्यावर कप घेऊन बसलो होतो. शेजारच्या केळीच्या बागेतून सुपडूचा आवाज आला, खालून वर उडाला आणि वरच राहिला. मी म्हटलं, "आज बेटा रंगात आहे!" आणि दुसरा चहा मागवला. तासाभराने मुकादम धापा टाकत आला, "आबा, नाना बागमा पडेल शेतस…" नाना म्हणजे सुपडूच, बागेत पडलेला.

सुपडू माझा शाळेपासूनचा मित्र. पाचोऱ्याच्या बँड पार्टीत गायचा. भरदार गाता गाता गळा असा पलटवायचा, की तोच आवाज बारीक होऊन उंच जायचा आणि अलगद परत खाली यायचा. याला योडलिंग म्हणतात, हे मला त्यानेच सांगितलं. घरचे वैतागले म्हणून रियाज बागेत सुरू झाला. पहिल्याच दिवशी केळी कापणाऱ्यांना वाटलं, न्याहारीची हाक आली. आठालाच सगळ्यांनी भाकरी सोडल्या! मुकादमाने कपाळावर हात मारला. पण पुढे तोच रिवाज पडला. कापणी असली की दहाला नाना गाणार आणि माणसं जेवायला बसणार.

मोबाइलवर तो मला कुठले कुठले व्हिडिओ दाखवायचा. बर्फाच्या डोंगरांतले गुराखी, दूरच्या जंगलांतल्या बायका… सगळ्यांचा गळा तसाच पलटणारा. "हे मुळात गाणं नाहीच रे आबा. या डोंगरावरून त्या डोंगरावर मारलेली हाक आहे. समोरच्याने ओ द्यायची असते. तू कधी देतोस का?" मी म्हणायचो, "गप रे, लोक हसतील."

त्या सकाळी कापणी नव्हती, बागेत तो एकटाच होता. डॉक्टर म्हणाले, क्षणात गेले असतील. खरंच, की माझी समजूत काढायला? ते गाणं होतं की हाक होती? देवा, कोणाला विचारू? हल्ली कुठे जरा आवाज झाला की मी उठतोच. काल कोणी पोपट हाकलत होतं, तर मी अनवाणीच धावलो.

आज त्याच्या बागेत कापणी होती. दहा वाजून गेले तरी माणसं विळे चालवतच होती, कोणी भाकरी सोडेना. शेवटी मीच बांधावर उभा राहिलो आणि हाक मारली. आवाज फाटला, अर्ध्यातच तुटला. पण केळीच्या आतून लगेच ओ आली,

"उनूत आबा, उनूत!"

आलो, आलो… एवढंच तर म्हणायचं होतं मला त्या सकाळी.